एस्सो चषक आणि यजमान संघाचा थेट प्रवेश

कॅनडातील १८ वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय आइस हॉकी स्पर्धेत, म्हणजे एस्सो चषकात, यजमान संघाला पात्रता सामने न जिंकताही प्रवेश मिळतो हा अन्याय आहे, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. या स्पर्धेत पाच विभागांचे विजेते आणि यजमान असे सहा संघ असतात, आणि साखळीत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडत असल्यामुळे यजमान दुबळा असेल तर तो तिथेच मागे पडतो. घरचा संघ खेळताना पाहायला गावातल्या लहान मुली येतात, हे मला फार मोलाचे वाटते. मुलींवर अन्याय झाला तो विलंबाचा: मुलांची अशी राष्ट्रीय क्लब स्पर्धा १९७९ पासून भरत होती, मुलींची मात्र २००९ साली कॅल्गरीत पहिल्यांदा झाली.