पेप कॉमिक्स, अंक २२

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अमेरिकन कॉमिक्समध्ये नुसता देशभक्त हिरोंचा भरणा असायचा, असं म्हटलं जातं. मग 'पेप' या कॉमिक्स मासिकाचा डिसेंबर १९४१ चा २२वा अंक बघाच. मुखपृष्ठावर शील्ड हा सुपरहिरो. हा गडी अमेरिका युद्धात उतरण्याच्या जवळपास दोन वर्षं आधीपासून अमेरिकन झेंड्याचे कपडे घालून फिरतोय! आत हँगमन, सतराव्या अंकात कॉमेट हा हिरो मारला गेला, त्याचा सूड घेणारा भाऊ. म्हणजे मामला चांगलाच रक्तरंजित. आणि या सगळ्या हाणामारीत सहा पानांची एक फुटकळ शाळकरी गोष्ट: आर्ची नावाचा पोरगा आणि त्याचे सोबती बेटी, जगहेड. चित्रं बॉब मोंटानाची. आर्चीच्या गोष्टींतली दुसरी नायिका वेरॉनिका यायची होती अजून. माझ्या मते अंकातली जिवंत पानं तीच. १९४६ मध्ये प्रकाशन संस्थेनेही आर्चीचंच नाव घेतलं. शील्ड आज कुणाला आठवतो?