एकच गाडी: ऑफिसलाही, जळतनालाही. अनुभव सांगा

घर नागपूरच्या बेसा भागात, नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत. आठवड्याचे सहा दिवस वर्धा रोड. घरी आई लांब पोळीच्या ऑर्डरी घेते. चुलीवर मडकं उपडं घालून भाजतात ती. गॅसवर मडक्याला सगळीकडून आच लागत नाही, म्हणून जळतन लागतंच. काटोलकडे मामाची संत्र्याची बाग आहे. तोड झाली की झाडांची सल काढतात, त्या वाळक्या फांद्या फुकट मिळतात. प्रश्न फक्त आणायचा. गाडी एकच घेऊ शकतो. ज्यांनी दोन्ही कामं एकीवरच भागवली त्यांनी सांगा. शोरूममधलं ऐकून झालंय.

लुनावाला: टीव्हीएस एक्सएल 100, सहा वर्षं झाली. (आपल्याकडे कोणतीही मोपेड लुनाच.) मागचं सीट निघतं, पायाशी सपाट जागा. पण कंपनी 130 किलो सांगते त्यात चालवणाराही आला, हे लोक विसरतात. मी 75 चा, उरले 55. एकदा मोळी आडवी बांधून इतवारीच्या गल्लीत शिरलो आन् एका कारचा आरसा गेला. तीनशे मोजले. तेव्हापासून दोन-दोन फुटांचे फाटे करून पोत्यात उभे भरतो. शहरात झकास चालते. वर्धा रोडवर मात्र शेजारून ट्रेलर गेला की लुना थरथरते. आणि काटोलहून साठ किलोमीटर ओझं घेऊन यायचं? नाही जी.

पांढरी_पाटी: मारुतीची ईको व्हॅन, पाच सीटवाली. माझंही ऑफिस हिंगण्याला, रोज हीच. मागच्या सीटवर जुनी सतरंजी, तिच्यावर ताडपत्री, तिच्यावर तुराट्या. एका खेपेत महिनाभराचं सरपण येतं. आता त्रास ऐका. लाकडातले मुंगळे ताडपत्रीत राहत नाहीत. सोमवारी सकाळी साहेबांना स्टेशनवर आणायला गेलो आणि एक मुंगळा त्यांच्या कॉलरवर चढला. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. दुसरं म्हणजे इंजिन पुढच्या सीटखाली. उन्हाळ्यात पारा 45 ला गेला की खालून वेगळी चूल पेटते. आणि फांद्यांची टोकं छताचं अस्तर फाडतात, तेव्हा बुडखे पुढे, शेंडे मागे.

आणखी एक सांगतो, कोणी सांगत नाही म्हणून. लाकूड नेताना वनविभागाचा वाहतूक पास लागू शकतो. काही झाडांना लागतो, काहींना सूट असते. बाग आपली असली तरी आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. नाक्यावर मामाचं नाव सांगून भागत नाही.

छोटाहत्ती: टाटा एस. ओझ्याची चिंता मिटली, बाकी सगळ्या सुरू. दोनच सीट, पोरगं झाल्यावर बायको म्हणाली, हौद्यात बसू का? रिकामी असली की ब्रेकरवर उडते. मालवाहू पाटी असल्यानं पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी गाडीची फिटनेस तपासणी, मग दरवर्षी. लायसन्स मात्र साधं कारचंच चालतं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पक्कं केलं. आणि अख्ख्या फ्लॅट स्कीमचं सामान हलवायला आपणच! 'भाऊ, फक्त एक कपाट.'

चुलीवरची_काकू: गाडीचं नंतर बघा, आधी लाकूड बघा. मी पंधरा वर्षं सावजी मसाल्याचा रस्सा चुलीवर करून डबे देते. पहिल्या पावसाळ्यात ताजी तोडलेली बाभूळ आणली. ताज्या लाकडात निम्म्याजवळ पाणीच असतं, म्हणजे पेट्रोल जाळून मी पाणी वाहून आणलं. वर आठवडाभर डोळे लाल. संत्र्याची सल बागेतच बांधावर रचून ठेवा, मे महिन्याचं ऊन खाऊ द्या, मग उचला. तेवढ्याच लाकडाचं ओझं पुष्कळ उतरतं आणि धूरही कमी. जवळपास कपाशीच्या पऱ्हाट्या मिळाल्या तर पेटवणीला त्याच. आईला विचारलं का, महिन्याला किती लागतं?

धागाकर्ता: काकू, विचारलं नव्हतं. आज मोजलं. वजनकाट्यावर पोतं ठेवलं: एका ऑर्डरीला नऊ किलो, महिन्याला दहा-बारा ऑर्डरी. म्हणजे शंभर किलोच्या आसपास. मी मनात ट्रकभर धरून बसलो होतो. जुनी ईको बघायला रविवारी चाललो आहे. मामाला फोन केला, सल बांधावर रचायला सांगितली. पासचं विचारलं तर म्हणे, 'ते तू बघ.' पांढरी_पाटी, मुंगळ्यांवर काही उपाय सापडला का?

पांढरी_पाटी: लाकूड भरण्याआधी फाटे जमिनीवर आपटायचे. आणि साहेबांना पुढं बसवायचं.