ल्युंगेनच्या डोंगरांना तिकीट लावायचं?

भटकी_अनु
‘ल्युंगेन आल्प्समध्ये फुकट्यांची झुंड शिरलीय, परवाना आणि तिकीट लावा’ ही परवाची पोस्ट डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. ल्युंगेन नॉर्वेच्या उत्तरेला, आणि नॉर्वेत १९५७च्या कायद्याने रानात-डोंगरात पायी फिरायचा हक्क सगळ्यांना आहे. २००४मध्ये ल्युंगेन संरक्षित झालं तरी तो टिकला. ट्रॉम्सो शहरात माझी नोकरी सुटली त्या हिवाळ्यात याच डोंगरांनी मला उभं ठेवलं. तेव्हा तिकीट असतं तर मी घरातच कुढत बसले असते. फुकटी म्हणा मला.

सह्यवारा
पोस्ट माझी, मागे घेत नाही. अनुताई, गेल्या जुलैत निळ्या तळ्यावर, ब्लोवात्नेतला, गेलो होतो. चिखल टाळायला एक जण कडेने जातो, पुढचा आणखी कडेने. एका पायवाटेच्या पाच झाल्यात. तिथला उन्हाळा जेमतेम दोन-तीन महिन्यांचा, तुडवलेलं झुडूप उभं कधी राहणार?

भटकी_अनु
मग चिखलात फळ्या टाका! ट्रॉम्सोजवळ फ्ल्योयाच्या चढावर नेपाळच्या शेर्पांनी बाराशेच्या वर दगडी पायऱ्या बांधल्यात. तिथे कुणी तिकीट फाडत नाही.

बर्फवाट
मला दारात माणूस हवाय तो हिमस्खलनाचा इशारा वाचायला लावायला. २०१२च्या मार्चमध्ये फियॉर्डपलीकडे, म्हणजे समुद्राच्या खाडीपलीकडे, सोर्बमेगाइसा डोंगरावर पाच स्कीवाले गाडले जाऊन गेले. अशा वेळी शोधायला रेडक्रॉसचे बिनपगारी स्वयंसेवकही जिवावर उदार होऊन धावतात.

सई_उत्तरेची
वाट, तिकीट राहू द्या, कुत्र्यांचं बोला. स्कीवाल्यांची गर्दी नेमकी मार्च ते मे. मे महिन्यात सामींच्या, म्हणजे इथल्या मूळच्या रेनडिअर पाळणाऱ्या लोकांच्या, रेनडिअर माद्या वितात. मोकळं कुत्रं दिसलं की गाभण मादी उरीपोटी पळते.

केदार_आणि_मोती
आला कुत्र्यांवर राग! मोती हाकेसरशी परत येतो. त्याला बांधून चढायचं तर मी स्कीवरून पडेन.

सई_उत्तरेची
केदारदादा, प्रत्येकाचा मोती हाकेसरशीच येतो. मी डोळ्यांनी पाहिलंय: मालक शिट्ट्या मारतोय, कुत्रं कळपामागे, आणि एक मादी ओढ्याच्या बर्फात छातीपर्यंत रुतलेली. पोटात पिल्लू होतं तिच्या. १ एप्रिल ते २० ऑगस्ट कुत्रं बांधायचा कायदाच आहे.

केदार_आणि_मोती
ते कुत्रं माझं नव्हतं! एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना गुन्हेगार ठरवू नका.

सह्यवारा
हेच अनुताई फुकट्यांबद्दल म्हणाल्या. तो शब्द मी मागे घेतो. परवान्याची मागणी मात्र मागे घेत नाही.

भटकी_अनु
घ्या. आणि वितानाच्या दिवसांत एखादी दरी बंद ठेवली तर मी भांडणार नाही. पण बंद सगळ्यांना, पैसे भरणाऱ्यांनाही.

केदार_आणि_मोती
एप्रिलपासून बांधीन. मार्चमध्ये नाही.

सई_उत्तरेची
मार्चमध्ये कळप दिसला तर?

केदार_आणि_मोती
दिसला तर बांधीन. बास आता.