रोज तेच काम, वर्षानुवर्षं... यात अर्थ कुठून आणायचा?

रातपाळी_इंदूर
नमस्कार मंडळी, लिहीन लिहीन म्हणता आज लिहून राहिलो आहे. मी इंदूरला विजयनगरमध्ये एका ऑफिसात रातपाळी करतो. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांची बिलं येतात, आजाराचा कोड आणि उपचाराचा कोड जुळतो का बघायचं, जुळला तर पुढे, नाही तर परत. पाळीला शंभराच्या वर फाइली, सहा वर्षं झाली. पगार वेळेवर येतो, घराचा हप्ता जातो, तशी तक्रार काही नाही. पण परवा एका चार वर्षांच्या मुलीच्या ऑपरेशनची फाइल आली, एक कागद कमी होता म्हणून परत पाठवली, नियमाने बरोबरच होतं, आणि लगेच पुढची उघडली. सकाळी कॅबमधून उतरलो, कोपऱ्यावर पोहे वाफाळत होते, आणि एकदम डोक्यात आलं की त्या मुलीचं पुढे काय झालं ते मला कधीच कळणार नाही. घास उतरेना. पोट भरल्यावर कामात अर्थ शोधणं हे चोचले आहेत का? तुम्ही कसं निभावता?

लेजरवाली_मावशी
चोचले अजिबात नाहीत रे बाळा. मी बँकेत 34 वर्षं काढली, सुरुवातीची बरीचशी लेजर लिहिण्यात, व्याज हाताने काढायचं, बॅलन्सिंगला दहा पैशांचा फरक आला तर संध्याकाळचे आठ वाजायचे. कंटाळा यायचाच. पण एक तारखेला पेन्शनवाले यायचे, एक आजी पासबुक माझ्यापुढे धरून म्हणायच्या, वाचून दाखव गं, आणि रक्कम ऐकली की पदराला गाठ मारून जायच्या. माझ्या आकड्यांना तो चेहरा होता. तुझ्यापुढे माणूसच येत नाही, म्हणून "मन लावून काम कर" असलं काही मी तुला सांगणार नाही. माणसाच्या जवळ जाता येईल अशी एखादी जागा तुमच्या ऑफिसात आहे का ते बघ.

पीथमपूर_शिफ्ट_बी
मावशींशी सहमत, पण एक सांगतो भाऊ, हा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. मी गाडीच्या पार्टच्या लाइनवर आहे. 1913 मध्ये अमेरिकेत फोर्ड मोटार कंपनीने हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती लाइन आणली, चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा जोडायला साडेबारा तास लागायचे ते दीड तासावर आलं, आणि त्याच वर्षी कामगार इतके सोडून जायला लागले की गळतीचा आकडा 370 टक्क्यांवर गेला, म्हणजे शंभर जागा भरलेल्या ठेवायला वर्षात जवळपास पावणेचारशे माणसं घ्यावी लागत होती! मग जानेवारी 1914 मध्ये रोज पाच डॉलर जाहीर केले, आधीच्या दुप्पट. लोक आळशी नव्हते ना, कामाचे तुकडेच इतके बारीक केले होते की हातात अख्खं काही उरतच नव्हतं. तुझ्या फाइलचंही तेच आहे. आमच्याकडे आम्ही मागे लागून दर दोन तासांनी जागा बदलून घेतली. त्याने सगळं सुटलं नाही, पण पार्ट कुठून येतो आणि कुठे जातो हे आता मला माहीत आहे, त्याचा खूप फरक पडतो.

साचेवाल्याचा_नातू
माझे आजोबा इथल्याच एका कापड मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. आठ तास तोच खडखडाट, पुढे ऐकू कमी यायला लागलं. साच्याबद्दल घरी कधी बोलले नाहीत, बोलायचे फक्त झांकीबद्दल, म्हणजे गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या हलत्या देखाव्याबद्दल. अनंत चतुर्दशीच्या आधी महिनाभर पाळी संपली की तिकडेच, मोटर, गिअर, पट्टे लावून कृष्णाचा हात हलवायचा, कालियाचा फणा उचलायचा, वर्गणी पगारातून. ज्या हातांना मिलमध्ये फक्त तुटलेला धागा जोडायचा हुकूम होता त्याच हातांनी अख्खं काही उभं केलं आणि रात्रभर सगळं शहर रस्त्यावर उभं राहून बघायचं. मिली बंद पडून कितीतरी वर्षं उलटली, झांक्या अजून निघतात. नोकरीतच अर्थ मिळाला पाहिजे असं मला वाटत नाही, पण कुठेतरी मिळालाच पाहिजे, नाही तर माणूस आतून वाळतो.

रातपाळी_इंदूर
सगळ्यांचं दोनदा वाचलं. मावशी, अशी एक जागा आहे. कागद कमी असले तर हॉस्पिटलला फोन करून मागवणारी टीम वेगळी आहे, पगार तोच, इंग्रजीत बोलायच्या भीतीने मी कधी अर्जच केला नाही. त्या मुलीची फाइलही त्यांच्याकडेच गेली असणार. सोमवारी टीम लीडरला विचारतो.