उंदराच्या मेंदूत डोपामाइनची टाकी नसते

अजिंक्यतारा, सातारा
काल 'विश्रामबागकर' यांनी इथं लिहिलं: उंदराच्या मेंदूत डोपामाइनचं (पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचं) एक केंद्र असतं, तिथं करंट दिला की उंदीर खाणंपिणं विसरून दांडी दाबत बसतो, मोबाइलनं आपल्या पोरांचं तेच झालंय, २१ दिवस मोबाइल बंद ठेवला की डोपामाइनची टाकी पुन्हा भरते. खाली 'धन्यवाद सर'ची रांग लागलीय. वीस वर्षं बारावीला जीवशास्त्र शिकवतोय, हे वाचून गप्प बसवेना.

दांडीचा तो मूळ प्रयोग ओल्ड्स आणि मिल्नर यांचा. त्यांनी १९५४ मध्ये तार घातली ती सेप्टम नावाच्या मेंदूच्या आतल्या भागाजवळ. मेंदूत डोपामाइनचं स्वतःचं काम असतं हे शास्त्रज्ञ कार्लसन यांनी दाखवलं ते त्यानंतर, १९५७-५८ ला. आणि उंदराच्या मेंदूतल्या अशा पेशींचा नकाशा १९६४ चा. डालस्ट्रॉम आणि फुक्से यांनी मेंदूचे काप फॉर्मॅल्डिहाइडच्या वाफेत ठेवले, पेशी हिरव्या चमकल्या, त्यांच्या गटांना ए-१ ते ए-१२ अशी नावं पडली. ए-८ पासून पुढचे गट डोपामाइनचे. ए-९ चे तंतू स्ट्रायटम या मेंदूतल्या खोल भागाच्या वरच्या बाजूला जातात, तिथं हालचालीचं काम. ए-१० चे न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्सकडं (स्ट्रायटमचाच खालचा भाग) आणि कपाळामागच्या भागाकडं. ए-१२ मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये, तिथलं डोपामाइन दूध आणणारं प्रोलॅक्टिन रोखून धरतं. वास घेणाऱ्या कंदात आणखी वेगळ्या पेशी. यात एक केंद्र कुठलं?

पेशीवर डोपामाइन पकडणारे रिसेप्टर पाच प्रकारचे. डी-१ आणि डी-२ स्ट्रायटममध्ये दाट, डी-३ मुख्यतः अ‍ॅक्युम्बेन्सकडं. तेच डोपामाइन डी-१ वाल्या पेशीला चेतवतं आणि डी-२ वालीला दाबतं. एम.एस्सी.ला असताना आम्ही रिसेप्टरला चिकटणारं किरणोत्सारी औषध लावलेले मेंदूचे काप फिल्मवर ठेवून तीन आठवडे अंधारात ठेवले होते. जिथं रिसेप्टर दाट तिथं फिल्म काळी पडते. फिल्म धुतली तर स्ट्रायटम दोन्हीकडं काजळासारखा काळा आणि वरचं कॉर्टेक्स राखेसारखं फिकट. ते चित्र ज्यानं पाहिलंय तो 'टाकी' म्हणणार नाही.

विश्रामबागकर, सांगली
सर, नकाशा बरोबर असेल. माझा पोरगा दहावीत आहे. रात्री अडीचला गोधडीच्या आत उजेड दिसतो. मोबाइल काढून घेतला तर ताट भिरकावतो. आम्ही उन्हाळ्यात २१ दिवस फोन कपाटात ठेवला, चौथ्या आठवड्यात तो आपणहून कृष्णेवर पोहायला गेला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या ए-९, ए-१० नं माझ्या घरात काय फरक पडणार आहे?

कृष्णाकाठ, कराड
डोपामाइन म्हटलं की मोबाइल आणि मजा, याचा मला संताप येतो. आमच्या अण्णांना सात वर्षांपासून पार्किन्सन (कंपवात) आहे. सरांनी सांगितलेला ए-९ म्हणजेच सब्स्टॅन्शिया नायग्रा, अण्णांच्या तिथल्या पेशी मेल्यात. सकाळी सातची गोळी लागू पडेपर्यंत सदऱ्याचं वरचं बटण काजात जात नाही. बोट बटणावर असतं, सरकत नाही. मी लावायला गेले की हात झटकतात. सुरुवातीला आम्ही गोळी दुधाबरोबर द्यायचो, निम्मा दिवस ती लागूच व्हायची नाही. दुधातली प्रथिनं गोळीतल्या लेव्होडोपाची (त्याचंच मेंदूत डोपामाइन होतं) वाट अडवतात, हे वर्षभर कुणी सांगितलं नाही.

हळदीचं पेव, हरिपूर
ताई, गोळ्या कशाला? खाजकुइलीच्या बिया दुधात उकडून, सालं काढून, वाळवून चूर्ण करा. त्यात तेच लेव्होडोपा असतं. आपल्या लोकांना कंपवातावर हे शेकडो वर्षं ठाऊक होतं.

कृष्णाकाठ, कराड
दादा, ठाऊक आहे, करून भोगलंयसुद्धा. एका ओळखीच्यांनी दिलेलं चूर्ण आम्ही गोळीच्या जोडीला सुरू केलं. दहाव्या दिवशी अण्णांची मान आणि खांदा आपोआप वळायला लागला, थांबेना. डोस डबल झाला होता. चमच्यात किती मिलिग्रॅम जातं ते कुणी मोजलेलं? गोळीत कार्बिडोपा असतं, ते लेव्होडोपाचं मेंदूबाहेरच डोपामाइन होऊ देत नाही. चूर्णात ते कुठंय?

हळदीचं पेव, हरिपूर
म्हणजे वनस्पती खोटी का? तुमचा डोस चुकला त्याला खाजकुइली काय करणार? आपलं ते सगळं अडाणी, हे ऐकून कान किटले.

कृष्णाकाठ, कराड
अडाणी मी म्हटलं नाही. माझ्या बापाची मान वळत होती ते सांगितलं.

अजिंक्यतारा, सातारा
पेवदादा, अभिमान बाळगायचाच तर सर्पगंधेचा बाळगा. तिच्यातलं रेसर्पिन देऊन कार्लसन यांनी सशांच्या मेंदूतलं डोपामाइन रिकामं केलं, ससे ढिम्म पडले. लेव्होडोपा टोचल्यावर उठून हालायला लागले. पार्किन्सनच्या गोळीची वाट तिथून निघाली. पण ताईंचं बरोबर आहे. गोळी चालू असताना डॉक्टरांना न विचारता चूर्ण देणं धोक्याचं.

हळदीचं पेव, हरिपूर
सर्पगंधेचं माहीत नव्हतं. डॉक्टरांना विचारून, एवढं मान्य. त्यापुढं नाही.

माण-खटाव, दहिवडी
आमच्या ज्वारीत उंदरं पिशवीभर दाणे बिळात ओढतात, त्यांना कसलं व्यसन? उंदराचं माणसाला लावायचंच कशाला?

अजिंक्यतारा, सातारा
लावताना जपून लावावं. उंदराच्या मधल्या मेंदूत डोपामाइनच्या पेशी ४०-४५ हजार, माणसात काही लाख. उंदराच्या थॅलॅमसमध्ये (मेंदूच्या मधोमध असलेल्या भागात) डोपामाइनचे तंतू अगदी विरळ, माकडामाणसात भरपूर. पण मूळ जोडणी तीच, म्हणून तर अण्णांची गोळी जनावरांत आधी समजली.

विश्रामबागकर, तुमच्या पोराला ते व्हिडिओ बघताना मजा येते का?

विश्रामबागकर, सांगली
नाही. तेच तर. चेहरा मेल्यासारखा असतो. बोट तेवढं सरकत असतं.

अजिंक्यतारा, सातारा
मग हे तुम्ही माझ्याआधी पाहिलंत. ज्या उंदरांचं डोपामाइन जवळपास संपवलं, ते तोंडात साखरपाणी घातलं की पूर्वीसारखेच ओठ चाटतात. पण समोर ठेवलेल्या खाण्याकडं जात नाहीत. गोडी शिल्लक, ओढ गेलेली. डोपामाइन ओढीचं आहे. तुमच्या पोराकडं ओढ आहे, गोडी नाही. तो पोहायला गेला याचा मला आनंद आहे, पण मोबाइल मिळेनासा झाल्यावर सवय मोडली, टाकी भरली म्हणून नव्हे.

विश्रामबागकर, सांगली
मूळ लेखातून 'टाकी' आणि 'एक केंद्र' काढतो. २१ दिवस काढणार नाही. कृष्णाकाठताई, अण्णांची गोळी आता जेवणाआधी किती वेळ देता? माझ्या सासऱ्यांचा हात दिवाळीपासून थरथरतोय.

कृष्णाकाठ, कराड
अर्धा तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर. पण आधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. आणि ते बटण लावायला किती वेळ घेतात ते बघून ठेवा, डॉक्टर विचारतील.