शाळेत मुलींसाठी टेक परिषद घेतोय, भाषणांऐवजी काय ठेवू?

नववी_ब_सातारा: नमस्कार, आम्ही नववी-दहावीच्या सात जणी मिळून 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शाळेतल्या मुलींसाठी टेक्नॉलॉजीची एक दिवसाची परिषद घेतोय. सगळं आम्हीच करणार, सर फक्त परवानगी देणार. पण जो तो म्हणतो पाहुणे बोलवा, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, चार भाषणं, झालं. मला ते नकोय. आमच्या लॅबमध्ये एका पीसीवर दोघं बसतात, माउस कायम मुलाच्या हातात आणि मुलगी बाजूला बसून वहीत स्टेप्स उतरवून घेते. माझ्या मैत्रिणीला सगळ्या स्टेप्स पाठ, पण प्रॅक्टिकलला फाइल सेव्ह करायची वेळ आली आणि हातच थांबला तिचा, मला फार वाईट वाटलं. भाषण ऐकून हे कसं बदलणार? बजेट जवळपास शून्य, 14 पीसी आहेत, नेट कधी असतं कधी नसतं.

कोडिंगवाली_ताई: बरोबर जागी बोट ठेवलंस गं. मी 11 वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, कॉलेजात माझंही हेच व्हायचं, जर्नल माझं सुंदर आणि कीबोर्ड दुसऱ्याकडे. अर्धा दिवस सरळ लॅबला दे. स्क्रॅच, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं मुलांसाठीचं फुकट सॉफ्टवेअर, आधीच डाउनलोड करून सगळ्या पीसीवर टाकून ठेव म्हणजे नेट गेलं तरी अडत नाही. एका पीसीवर दोघीच, 20 मिनिटांनी घंटा, खुर्च्या बदलायच्या, आणि बाजूला बसलेलीने तोंडाने सांगायचं, माउसला हात लावायचा नाही. शिकवायला दहावीच्या मुली ठेव, सहावीतली मुलगी बाहेरच्या मॅडमना शंका विचारणार नाही पण ताईला विचारते.

दहावी_क: मी मुलगा आहे, खरंच विचारतोय, फक्त मुलींनाच का? आम्हालाही स्क्रॅच येत नाही.

कोडिंगवाली_ताई: विचारलंस ते चांगलं केलंस. 1946 ला अमेरिकेत एनिअॅक नावाचा कॉम्प्युटर लोकांसमोर आणला, त्याचे प्रोग्राम सहा बायकांनी केबल आणि स्विच जुळवून बसवले होते आणि त्या रात्रीच्या मेजवानीला त्यांनाच बोलावलं नव्हतं. आपल्याकडे शास्त्रज्ञ कमला सोहोनींना 1933 ला बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बाई म्हणून आधी नाकारलं, मग वर्षभर जोखून पाहण्याच्या अटीवर घेतलं, त्याच पुढे 1939 ला केंब्रिजच्या पीएचडी झाल्या. अरे, डोकं होतंच, जागाच दिली नव्हती. म्हणून एक दिवस ती जागा मुलींची. तुमच्यासाठी दुसऱ्या दिवशी तीच लॅब लावायला सांग, आणि त्या दिवशी वायरी ओढायला, एक्स्टेंशन बोर्ड लावायला ये, मदत लागेलच.

दहावी_क: येतो.

गावची_शिक्षिका: बाळा, वेळेचं आधी बघ. आमच्याकडे असाच कार्यक्रम लांबला आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून गावाकडच्या पोरी मधूनच उठून गेल्या, आणि त्यांच्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. तीनला संपवा, पालकांच्या पत्रात तसं स्पष्ट लिहा. आणि आयांना बोलवा, शेवटचा अर्धा तास मुलींनी आईला स्वतःचं केलेलं चालवून दाखवायचं. घरी पुढे शिकायचं म्हटलं की आईच बोलते ना बाबांशी, तिने एकदा डोळ्यांनी बघितलेलं असू दे.

नववी_ब_सातारा: ताई, बाई, खूप खूप आभार. भाषण एकच ठेवलं, 10 मिनिटं, कमला सोहोनींवर, आणि ते माझी तीच मैत्रीण करणार आहे. आयांचं पत्र आज लिहिते. फक्त ताई, आमच्या पीसीवर विंडोज 7 आहे, स्क्रॅच चालेल ना?

कोडिंगवाली_ताई: नवीन स्क्रॅचला 10 लागतं गं. तू जुनं 1.4 टाक, त्यांच्याच साइटवर आहे, 7 वर मस्त चालतं. 14 च्या 14 पीसीवर आदल्या दिवशी एकदा उघडून बघ.