मदत हवी आहे – लाइफ ऑन मार्सचा शेवटचा एपिसोड कुणी समजावेल का? (स्पॉयलर आहेत)

मंडळी, बीबीसीची ती जुनी लाइफ ऑन मार्स कुणी बघितलीये का? मँचेस्टरचा पोलीस सॅम टायलर, २००६ मधे गाडीखाली येतो आणि डोळे उघडतो तर डायरेक्ट १९७३. कोमात आहे, वेडा झालाय की खरंच मागे गेलाय, हेच कळत नाही. फक्त १६ एपिसोड आहेत, तीन रात्रीत संपवले आणि आता डोक्याचं पार भजं झालंय.

तर शेवटी तो शुद्धीवर येतो, २००६ मधे ऑफिसला जातो, मीटिंगमधे बोट कापतं आणि त्याला काहीच जाणवत नाही, मग सरळ गच्चीवरून उडी मारून परत १९७३ मधे, जीन हंट (तिथला त्याचा बॉस) आणि बाकीच्यांना वाचवायला. इथपर्यंत ठीक. पण मग तो मेला ना? की अजून कोमातच आहे? आणि ती टेस्ट कार्डवाली (कार्यक्रम नसताना टीव्हीवर दिसायचं ते चित्र) लाल ड्रेसमधली पोरगी (आपल्याकडे दूरदर्शनवर नुसते पट्टे यायचे ते बरं, एवढी भीती नाही वाटायची) शेवटी येऊन आपलाच टीव्ही बंद करते त्याचा अर्थ काय घ्यायचा??

नवरा म्हणतो पुढची ॲशेस टू ॲशेस बघ, त्यात उत्तर आहे. खरंय का? फक्त हो किंवा नाही सांगा प्लीज, त्यातलं काही फोडू नका. अमेरिकन व्हर्जन नको, त्याचा शेवट चुकून वाचला, ते सगळे अंतराळवीर निघतात म्हणे 🙄